पिवळी पट्टी

ए, तू आता फक्त ऐक. मधेमधे 'म्हणजे काय' आणि 'मग काय' करू नकोस, माझा धागा तुटतो आणि मी भलतीकडेच भरकटते. बस इथे. चहा गार होतोय तर होऊ दे.

तर तो हॉल. गाद्यांच्या दुकानाच्या वरचा मजला. जिना इतका अरुंद की वर जाणाऱ्यानं पोट आत घ्यायचं आणि खाली येणाऱ्यानं श्वास रोखायचा. वर पोचलं की आधी चपलांचा डोंगर, मग माणसांचा. भिंतीला टेकून म्हातारे, खिडकीच्या कट्ट्यावर कॉलेजची पोरं, मधे सतरंजीवर मांडीला मांडी लावून अख्खी अख्खी कुटुंबं. पंखे गरगरतायत पण वारा कुणालाच लागत नाहीये. आणि अत्तराचा वास! असा भपकारा की मी आत पाऊल टाकलं आणि लागोपाठ शिंकले. शेजारची बाई म्हणाली, "चांगलं आहे हो, सुरुवात झाली तुमची."

"कसली सुरुवात?"

"निघायला लागलं ना आतलं!"

म्हणजे बघ, तिथे साधी शिंकसुद्धा फुकट जात नव्हती.

समोर टेबल, त्यावर पांढरी चादर. चादरीवर काचेचे दोन जग, एक निळा, एक पांढरा. आणि एका ताटात पिवळ्या कापडाच्या पट्ट्यांची चळत. बोटभर रुंद, वीतभर लांब. टेबलामागे तो. भक्त त्याला गुरुदेव म्हणतात, मी पट्टीगुरू म्हणते. अंगात झब्बा आणि झब्ब्यावर डॉक्टरचा पांढरा कोट. देऊळ आणि दवाखाना एकाच हँगरला. आणि बोलायला लागला की काय सांगू तुला!

"शरीर म्हणजे काय? शरीर म्हणजे घर! आणि विष म्हणजे काय? विष म्हणजे भाडेकरू! भाडं देत नाही..."

"...आणि जागा सोडत नाही!" अख्खा हॉल एका सुरात. पाठ होतं सगळ्यांना.

"डॉक्टर काय करतो? डॉक्टर त्याच्या अंगावर धावून जातो. मग तो काय करतो? या खोलीतून त्या खोलीत! आज ओठात, उद्या पोटात! आम्ही त्याला हातसुद्धा लावत नाही. आम्ही फक्त दाराला बाहेरून कुलूप लावतो. बस ना मग आत बोंबलत!"

हशा. खरं सांगते, मीसुद्धा हसले. माणूस मजेशीर होता, त्याचंच तर खातो.

मग त्यानं एका ढेरपोट्या गृहस्थांना पुढे बोलावलं. "रोगाचं नाव सांगू नका. इथे नाव विचारत नाहीत. निळ्या जगातलं शोधनजल घ्या. खळखळ करा. थुंका. ओठ पुसायचे नाहीत. आता टेका ओठ पट्टीवर."

गृहस्थांनी ओठ टेकले. आणि पट्टीवर लालभडक दोन ओठ उमटले गं! ताज्या जखमेसारखे. हॉलभर 'आऽऽ' अशी लाट गेली. एका आजीनं डोळेच मिटून घेतले.

मग पट्टीगुरूनं त्यांच्या हनुवटीवर अंगठा रोवला, काहीतरी पुटपुटला, त्यांना श्वास रोखायला लावला, आणि एकदम ओरडला, "बंध!" मग पांढऱ्या जगातलं अमृतजल. खळखळ. थुंक. नवीन पट्टी. ओठ टेकले. काही नाही! पट्टी पिवळीच्या पिवळी.

"स्पर्शबंध लागला! आता हा माणूस कुणाला मिठी मारो, कुणाचा मुका घेवो, विष उंबरा ओलांडणार नाही!"

टाळ्या म्हणजे छत खाली येईल अशा. आणि त्या टाळ्यांत रांगेतला पुढचा माणूस उठून उभा राहिला. तो माझा दादा होता.

आता तो तिथे कसा पोचला ते ऐक.

माझ्या वहिनीला लहानपणापासून इसब आहे. कोपराच्या आतल्या बाजूला, मानेवर, कधीकधी पापण्यांवर. खाज सुटली की ती पुस्तकाची पानं उलटावीत तशी हात उलटेपालटे करत बसते, पण खाजवत नाही. शहाणी बाई. पडद्यांच्या दुकानात काम करते, लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेते, सुती हातमोजे घालून. आणि दादा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतो. त्याला लहानपणापासून उन्हात फिरला, ताप आला, जागरण झालं की ओठाच्या कोपऱ्यात बारीक फोडांचा घोस उठायचा. आई म्हणायची, उष्णता बाहेर पडतेय. आम्ही सगळेच तेच म्हणायचो. उष्णता म्हटलं की विषय संपतो ना आपल्याकडे.

एकदा वहिनीचं मलम संपलं म्हणून दोघं तिच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेले. मीपण होते, मला त्यानंतर बूट घ्यायला जायचं होतं. बाईंनी वहिनीकडे नंतर बघितलं, आधी दादाकडे.

"तुमच्या ओठाला काय झालंय?"

"काही नाही, उष्णता."

"उष्णता नाही. हर्पीस आहे तो."

दादाचा चेहरा असा पडला की जणू बाईंनी त्याला भर वर्गात कॉपी करताना पकडलंय. तो घाईघाईनं म्हणाला, "नाही हो, मी तसा नाही! मी कुठेही जात नाही!"

बाई हसल्या. "कुठे जायला लागत नाही त्याला. अर्ध्याहून जास्त जगाच्या अंगात असतो तो. लहानपणी एखाद्या मावशीनं लाडानं मुका घेतलेला असतो, तेव्हापासूनचा पाहुणा. नसेत झोपून असतो, मधूनच उठतो. तुमच्यापुरती ती थोड्या दिवसांची कटकट. पण यांची गोष्ट वेगळी आहे. इसबानं कातडीचं कुंपण मोडलेलं असतं. तिथून तो आत शिरला तर झरझर पसरतो."

मग त्यांनी बोटं मोजत सांगितलं. फोड आले की पार खपली पडून कातडी कोरी होईपर्यंत मुका नाही, एक टॉवेल नाही, एक कप नाही, आणि फोडाला हात लागला की हात धुवायचे. फोड यायच्या आधी ओठ चुणचुणतो, तेव्हाच गोळी सुरू करायची. वहिनीचं इसब मलमानं शांत ठेवायचं, ते सगळ्यात महत्त्वाचं. "आणि यांच्या अंगावर एकाएकी दुखणारे, एकसारखे, बारीक फोड उठले, अंग तापलं, तर त्याच दिवशी या. दुसऱ्या दिवशी नाही. डोळ्याजवळ असले तर धावत या. बाकी मजेत राहा. कितीतरी जोडपी राहतात."

एवढंच. इतकं सरळ. वहिनीनं मान डोलवली आणि बाहेर पडताना मला म्हणाली, "चला, आता दाढी न करता जवळ आला की सांगायला कारण झालं."

पण दादाला 'मजेत राहा' ऐकूच आलं नाही गं. त्यानं फक्त 'पसरतो' ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात कपांना जातीपाती आल्या. त्याच्या कपावर माझं नेलपॉलिश घेऊन लाल ठिपका काढला. दुकानातून काच तपासायचं भिंग घरी आणलं आणि सकाळ-संध्याकाळ आरशासमोर खालचा ओठ ओढून बघत बसायचा. रात्री मधे उशांची भिंत. वहिनी म्हणाली, "अरे, आज तर काहीच नाहीये ओठाला." तो म्हणाला, "दिसत नाहीये. नाहीये असं कशावरून?"

मीच एकदा त्याला म्हटलं, "जा ना परत बाईंकडे, विचार नीट." तर म्हणे, "तिथे बाहेर बाकावर दहा माणसं असतात. आणि बाई मोठ्यानं ते नाव घेतात."

ते नाव! त्याला रोगापेक्षा नावाची भीती होती. मोबाईलवर ते नाव टाकून त्यानं नको नको ते वाचलं होतं, नको नको ते फोटो बघितले होते.

वहिनी बरेच दिवस हसण्यावारी नेत होती. मग एक दिवस धुतलेल्या पडद्यांच्या घड्या घालता घालता मला म्हणाली, "मला नवरा हवाय गं, पहारेकरी नको. रस्ता ओलांडतानापण हात धरत नाही माझा." आणि घडी चुकली म्हणून परत उलगडली. चुकली नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच दादाच्या दुकानात काउंटरवर फ्रेम विकतात ते काका त्याला म्हणाले, "एक माणूस आहे. नाव विचारत नाही, तपासत नाही. माझ्या भाच्याचं गेलं." काय गेलं ते काकांनी सांगितलं नाही, दादानं विचारलं नाही. 'नाव विचारत नाही' एवढ्यावरच गडी गार.

मी म्हटलं, "वहिनी, तू शिकलेली बाई. तू अडव त्याला."

ती म्हणाली, "अगं, जाऊ दे ना. त्याच्या डोक्याला शांतता मिळत असेल तर दोन घोट पाण्यानं काय बिघडतंय?"

हे वाक्य लक्षात ठेव. मी तर आता ते विसरायचं म्हटलं तरी विसरू शकत नाही.

तर दादा टेबलापाशी गेला, वहिनी आणि मी मागे सतरंजीवर. त्या दिवशी त्याचा ओठ सकाळपासून चुणचुणत होता, कोपऱ्यात दोन-तीन फोड डोकं वर काढत होते. म्हणूनच तर घाईनं आला होता. निळा जग, खळखळ, थुंक, पट्टी. लालभडक ओठ. अंगठा, पुटपुट, "बंध!" पांढरा जग, खळखळ, थुंक, पट्टी. पिवळी.

दादा रडला. हॉलमध्ये, एवढ्या माणसांत, माझा दादा, जो कंबरेत उसण भरली तरी आवाज करत नाही तो, हुंदके देऊन रडला. पट्टीगुरूनं ती न रंगलेली पट्टी त्याच्या हातात दिली. "जपून ठेवा. हा तुमचा दाखला." त्यानं ती घडी करून पाकिटात ठेवली, वहिनीच्या फोटोच्या मागे.

बसमध्ये तो बडबडत होता. किती महिन्यांनी! म्हणाला, "पहिलं पाणी मचूळ होतं, साबण चाटल्यासारखं. आणि दुसरं आंबट."

वहिनी म्हणाली, "अमृत आंबट असतं होय?"

आम्ही तिघंही हसलो. बघ म्हणजे. उत्तर आमच्या तोंडात होतं आणि आम्ही त्याच्यावर हसलो.

घरी आलो. आई गॅसपाशी होती. वहिनी हातपाय धुऊन टॉवेलनं तोंड टिपत बाहेर आली. त्या आठवड्यात तिचं इसब थोडं उठलेलं होतं, डावी पापणी लालसर होती. दादा सरळ तिच्यापाशी गेला, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्या पापणीवर ओठ टेकले. सगळ्यांसमोर! आई एकदम गॅसकडे वळून रिकामं भांडं ढवळायला लागली. वहिनी लाजली, इतकी लाजली. आणि मी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री उशा परत पलंगाच्या डोक्याशी गेल्या.

पुढचं तुला कळलंच असेल. तरी ऐक.

काही दिवस गेले. वहिनीच्या पापणीवर बारीक फोड आले. तिला वाटलं, इसबच भडकलं. मग गालावर, कपाळावर, मानेवर. सगळे एका मापाचे, जणू कुणी टोच्यानं टोचत गेलंय. खाजत नव्हते, दुखत होते. मग अंग तापलं. मी दादाला म्हटलं, "बाईंनी सांगितलं होतं तेच आहे हे. चल."

"ते नाहीच. बंध लागलाय."

"दादा!"

"अगं, पट्टी पिवळी आली होती! तू होतीस ना तिथे?"

त्यानं हॉलवर फोन लावला. तिथे माइक धरणारा एक जण होता, त्यानं उचलला. मी कान लावला होता. तो म्हणाला, "वा, उत्तम! उत्तम लक्षण! कुलूप लागलं ना, आता जुनं-पानं बाहेर पडतंय. मलम-बिलम लावू नका हं, कोंडेल आत."

आणि दादानं वहिनीचं मलम कपाटात वर ठेवून दिलं.

तू म्हणशील, इतका मूर्ख कसा? मूर्ख नाहीये गं तो. त्याला कळलं होतं. मला वाटतं, त्याला सगळ्यात आधी कळलं होतं. पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे मान्य करायचं, की ते आपणच दिलं, आपल्या ओठांनी, इतक्या महिन्यांनी केलेल्या एकुलत्या एका लाडानं. पट्टीवर विश्वास ठेवला तर तेवढं तरी वाचत होतं. म्हणून तो पट्टीला चिकटून बसला, आणि वहिनी तापात पडून म्हणत होती, "त्याला ओरडू नका."

डोळा सुजून बंद झाला तेव्हा मी कुणाला विचारलं नाही. टॅक्सी बोलावली.

डॉक्टरबाईंनी तिच्या तोंडावरची ओढणी बाजूला केली आणि त्यांचा चेहराच बदलला. "कधीपासून आहे हे?"

दादा त्या ओढणीची घडी घालायला लागला.

"मी त्याच दिवशी म्हटलं होतं ना? त्याच दिवशी, असं म्हटलं होतं ना मी?"

मग पळापळ. सलाईनमधून औषध, डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावणं, पडदे ओढणं. दादा बाहेर भिंतीला टेकून उभा. बाई बाहेर आल्या तशी त्यानं पाकिटातून ती पट्टी काढली आणि त्यांच्यासमोर धरली, तिकीट तपासनीसासमोर तिकीट धरावं तशी. "पण डॉक्टर, माझं बंद झालं होतं. हे बघा. पिवळी आहे."

बाईंना काही कळेना. मी त्याच्या हातातून ती ओढून घेतली. वहिनीपाशी जायचं तर आधी हात धुवा असं नर्स म्हणाली, म्हणून मी बेसिनपाशी गेले. पट्टी मुठीतच होती, माझ्या लक्षातच नाही. साबण घेतला, हात चोळले, आणि बोटांतून लाल ओघळ यायला लागला.

मी किंचाळले. खरंच किंचाळले. "विष! माझ्या हातात विष आहे!"

बाई धावत आल्या. मी रडत रडत सगळं सांगितलं. हॉल, जग, खळखळ, पट्टी. त्यांनी माझ्या हातातली पट्टी घेतली, नाकाशी धरली. अत्तर उडून गेलं होतं.

"स्वयंपाक करता का हो तुम्ही?"

"म्हणजे... करते कधीकधी."

"कपड्यावर हळद सांडली आणि त्यावर साबण लावला, तर काय होतं?"

मी बोटांकडे बघितलं. मग म्हटलं, "डाग लाल होतो."

"मग?"

मग काहीच नाही गं. मग मी तिथे बेसिनपाशी उभी, आणि मला माझे सगळे धुतलेले कपडे आठवले. आईचा पदर, माझा शाळेचा शर्ट, दादाचे रुमाल. साबण लावला की लाल, खळबळून काढले की परत पिवळे. आयुष्यभर बघितलंय मी हे. तूपण बघितलंयस. जगात ज्यानं हळदीचा कपडा धुतलाय त्या प्रत्येकानं बघितलंय. आणि त्या हॉलमध्ये शंभर माणसं बसली होती, त्यातल्या निम्म्या बायका त्याच सकाळी कपडे धुऊन आल्या असतील. पण वर अत्तर शिंपडलं, अंगावर कोट चढवला, डागाला विष म्हटलं, की आपण आपलाच डाग ओळखत नाही.

बाईंनी कुणाच्या तरी चहाच्या ट्रेमधली लिंबाची फोड उचलली आणि पट्टीवर पिळली. लाल होतं ते पिवळं झालं. "हे घ्या तुमचं अमृत," त्या म्हणाल्या. "पहिल्या जगात धुण्याचा नाहीतर खाण्याचा सोडा. दुसऱ्यात लिंबाचं सत्त्व. पहिल्यानं कुणाचेही ओठ लाल उमटतील, दुसऱ्यानं कुणाचेही उमटणार नाहीत. तान्ह्या बाळाचे टेकवा, नाहीतर त्या बाबाचे स्वतःचे. विषाणूचा आणि या फडक्याचा संबंधच नाही काही."

मागे दादा उभा होता. मला माहीतच नव्हतं तो मागे आहे. तो म्हणाला, "म्हणजे मी तिला तसाच..."

वहिनी वाचली. फोड सुकले, व्रण राहिले थोडे, ते जातील म्हणतात. पण डावा डोळा गेला. म्हणजे आहे, दिसायला आहे, पण बुबुळावर पांढरा डाग पडलाय, धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं, तेही जेमतेम. पुढेमागे बुबुळ बदलता येईल का, तर डॉक्टर म्हणतात बघू. 'बघू' म्हणताना ते खिडकीकडे बघतात. आता वहिनी चहा ओतते तो कपाच्या शेजारी पडतो. खिडकीची मापं चुकतात, म्हणून मालकांनी तिला घड्या घालायच्या कामावर टाकलंय. आणि दादा दिवसभर काचा घासतो. लोकांच्या. मला एकदा म्हणाला, "कुठलीही काच दे, मी साफ करून देतो. हीच एक..." आणि यंत्र सुरू केलं, म्हणजे मला पुढचं ऐकू येऊ नये.

तो आता बाहेरच्या खोलीत झोपतो. बाई सांगून सांगून थकल्या, की अहो गोळी चालू आहे, नियम पाळा आणि जवळ बसा, काही होत नाही. पण तो बसत नाही. आधी उशांची भिंत होती, आता खरी आहे.

मग मी परत गेले त्या हॉलमध्ये. एकटी. पर्समध्ये साबणाची वडी.

तोच जिना, तोच वास, तोच भाडेकरू. त्यानं विचारलं, "कुणाला शंका?" तो रोज विचारतो, कुणी उठत नाही. मी उठले. पुढे गेले, ताटातली पट्टी उचलली, साबण काढला, बाटलीतलं पाणी घेतलं आणि चोळलं. लालभडक! मी पट्टी उंच धरली आणि ओरडले, "बघा! हळद आहे ही! साबण लावला तरी लाल होते! घरी जाऊन करून बघा!"

भिंतीला टेकलेले म्हातारेसुद्धा माना उंचावून बघायला लागले. मला वाटलं, जिंकले.

आणि तो माणूस, अगं, तो इतक्या मायेनं माझ्याकडे बघून म्हणाला, "बघितलंत? हिनं तर ओठही टेकले नाहीत. नुसत्या हातालाच किती विष आहे पोरीच्या!"

'आऽऽ' अशी लाट गेली. पुढच्या रांगेतली एक बाई पोराला मागे ओढून घेऊन सरकली. माझ्यापासून!

मी म्हटलं, "थांबा!" तीच पट्टी पांढऱ्या जगात बुचकळली. लाल गेलं, पिवळी झाली. "हे बघा, आंबट पाणी आहे हे! म्हणून रंग गेला!"

आणि टाळ्या, अगं, टाळ्या! पडेल छत अशा! "अमृतजलानं हिचंपण उतरलं!" शेजारची एक आजी तर उठून माझ्या गालावरून हात फिरवायला लागली. "बरी झालीस गं बाळा." मी त्याचा खेळ उघडा पाडायला गेले आणि त्याची त्या दिवसातली सगळ्यात भारी रोगी होऊन बसले.

मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "मग जग बदल. निळ्याच्या जागी पांढरा घे. आधी आंबट, मग मचूळ. करून दाखव!"

तो हसला. "बेटा, आधी अंघोळ की आधी चिखल? क्रम असतो जगात." हॉल हसला. माइकवाल्यानं माझा दंड धरला.

बघ, मी काही फार शिकलेली नाही. पण एवढं कळतं गं. कुणी आपल्याला काही लाल करून दाखवलं, तर एकदा म्हणावं, साध्या नळाच्या पाण्यानं कर बघू. एकदा म्हणावं, जग बदल. खरं असेल तर बिघडत नाही काही. आणि ज्याला बदलायची भीती वाटते, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नये. आणि अंगावर फोड आला तर त्याला त्याच्या नावानं हाक मारून डॉक्टरसमोर न्यावं, मग ते नाव कितीही वाईट वाटो. नावानं डोळा जात नाही. उशिरानं जातो.

पण मला हे तिथे बोलता आलं नाही. मला जिन्याकडे ढकलत नेत होते, आणि तेव्हा रांगेत मला तो दिसला. तरुण बाप होता. ओठाच्या कोपऱ्यात फोडांचा घोस, अगदी दादासारखा. कडेवर बाळ, गालांवर लालेलाल इसब, खाजवू नये म्हणून मुठींवर मोजे चढवलेले. शेजारी त्याची बायको. मी त्याला ओरडून सांगितलं, "दादा, नका टेकवू हो त्याला ओठ! माझ्या वहिनीचा डोळा गेला! दवाखान्यात जा, आजच जा!" त्यानं माझ्या लाल हातांकडे बघितलं आणि बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं. माझ्यापासून लांब.

बायको मात्र बघत होती. माझ्याकडे नाही, खाली. माझी साबणाची वडी तिच्या पायाशी पडली होती. जिन्याच्या वळणावरून मी परत वळून बघितलं, तर वडी तिथे नव्हती. तिनं उचलली, की कुणाच्या पायानं गेली, देव जाणे. मला नाही माहीत.

खाली गाद्यांच्या दुकानापाशी उभी राहिले मी. वरून आवाज आला, "बंध!" आणि मग टाळ्या. कुणाला लागला ते कळलं नाही. मी परत जिना चढायला हवा होता का? ते बाळ हिसकावून घेऊन पळायला हवं होतं? लोकांनी मला मारलं असतं, पोरं पळवणारी म्हणाले असते. मी तिथेच उभी राहिले, हात ओढणीला पुसत. आणि ओढणीलाही तो रंग लागला.

आता बोल तू. मघापासून गप्प बसलीयेस. तू असतीस माझ्या जागी, त्या जिन्याखाली, तर तू काय केलं असतंस?